दाराला गेज नसतं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

‘गेज’ हा शब्द मूळचा इंग्रजी. पण वऱ्हाडात तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मूर्तिजापूरला उतरून ज्यांनी दर्यापूर, अंजनगाव, अचलपूरकडे जाणारी शकुंतला धरली, किंवा दुसऱ्या बाजूनं कारंजा, दारव्हा करत यवतमाळ गाठलं, त्यांना नॅरोगेज म्हणजे काय ते डब्यात पाय ठेवल्याबरोबर कळलं. अकोल्याला मुंबई–नागपूर मार्गावरच्या गाडीतून उतरून अकोट–खंडव्याकडे किंवा वाशीम–हिंगोली–पूर्णेकडे जे गेले, त्यांना मीटरगेज ठाऊक आहे. आणि बडनेऱ्याहून अमरावतीला येणारा छोटासा फाटा मात्र ब्रॉडगेजचा. अकोला आणि अमरावती या शेजारी जिल्ह्यांत तिन्ही गेज वर्षानुवर्षं नांदले. गाडी बदलायची म्हणजे नुसता फलाट नाही, रुळांची रुंदीही बदलायची, हे इथल्या शेतकऱ्यापासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

दुसरा शब्द ‘प्रमाण’. इंग्रजीत ‘स्केल’. तोही आपल्याला शाळेपासून ओळखीचा आहे. वर्गाच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा टांगलेला असे, त्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं असे, एक सेंटिमीटर बरोबर इतके किलोमीटर. ते प्रमाण.

हे दोन्ही शब्द वेगवेगळे असले की काही अडत नाही. अडतं ते रेल्वेचं मॉडेल करायला घेतल्यावर, आणि त्यातही रुळांशेजारी स्टेशन, केबिन, गोदाम उभं करताना. परदेशातल्या नातेवाइकानं आणलेली गाडी बागेत मांडली जाते. तिच्याशेजारी हौसेनं एक स्टेशन बांधलं जातं. सगळं झाल्यावर दोन पावलं मागं सरून पाहिलं की काहीतरी खटकतं. इंजिनाचा ड्रायव्हर स्टेशनच्या दारापेक्षा उंच दिसतो, नाहीतर तिकिटाची खिडकी प्रवाशाच्या डोक्यावर जाते. सुतार म्हणतो, माप बरोबर आहे. गाडीवाला म्हणतो, गाडीही बरोबर आहे. दोघंही खरं बोलतात. चूक असते ती दोघांच्या मध्ये, गेज आणि प्रमाण यांच्या गोंधळात.

दोन वेगळ्या गोष्टी

गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. बस्स, एवढंच. ते फुटात, इंचात किंवा मिलिमीटरमध्ये सांगायचं. आपला ब्रॉडगेज ५ फूट ६ इंच, म्हणजे १६७६ मिलिमीटर. मीटरगेज नावाप्रमाणे १००० मिलिमीटर. शकुंतलेचा नॅरोगेज अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. माथेरानची गाडी त्याहून अरुंद, दोन फुटांवर, ६१० मिलिमीटरवर चालते.

प्रमाण म्हणजे मॉडेल खऱ्या वस्तूच्या किती पट लहान आहे तो आकडा. एकास बावीस म्हटलं की खऱ्या बावीस फुटांचा मॉडेलमध्ये एक फूट. हा आकडा गाडीला लागू होतो, माणसाला होतो, झाडाला होतो, स्टेशनच्या पायरीलाही होतो.

यातून एक साधी गोष्ट निघते. इमारतीला प्रमाण असतं, गेज नसतं. मूर्तिजापूरच्या स्टेशनात एका बाजूला ब्रॉडगेज आणि दुसऱ्या बाजूला नॅरोगेज. म्हणून काय नॅरोगेजकडं उघडणारं दार अर्ध्या उंचीचं केलं होतं? दारातून जाणारा माणूस तोच. त्याची उंची रूळ पाहून कमी-जास्त होत नाही.

उलट सार्वजनिक बागेतली, पोरं बसवून फिरवणारी झुकझुकगाडी बघा. तिला गेज आहे, पण प्रमाण नाही. इंजिन इवलंसं आणि आत बसलेलं पोर खरंखुरं. आपल्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैलही तसाच. तो कितीस किती आहे हे कुणी विचारत नाही, विचारूही नये. पण त्याच बैलाला मापात केलेल्या दमणीला जुंपलं की विचारावं लागतं.

पंचेचाळीस मिलिमीटरची भानगड

आता हा गोंधळ आला कुठून ते पाहू. जर्मनीतल्या मार्क्लिन या खेळणी बनवणाऱ्या कंपनीनं १८९१ मध्ये खेळण्यातल्या रुळांची ठरावीक मापं ठरवून बाजारात आणली. त्यांतलं एक माप पुढं ४५ मिलिमीटरवर स्थिरावलं. युरोपातला खरा रूळ १४३५ मिलिमीटरचा. आपली नागपूरची मेट्रो ज्या स्टँडर्ड गेजवर धावते तोच हा. १४३५ ला ४५ नं भागा, ३२ येतात. म्हणून या रुळांवरची गाडी एकास बत्तीस.

इथवर सगळं सरळ होतं. मग १९६८ मध्ये जर्मनीतल्याच लेमान कंपनीनं बागेत, उन्हापावसात चालणारी गाडी आणली. तिचं संक्षिप्त नाव एलजीबी. रूळ तेच, ४५ मिलिमीटरचे. पण त्यांना करायच्या होत्या डोंगराळ भागातल्या मीटरगेज गाड्या. १००० ला ४५ नं भागलं की २२ च्या आसपास येतं. त्यांनी प्रमाण धरलं एकास साडेबावीस. पुढं अमेरिकेतल्या काहींनी त्याच रुळांवर तिकडच्या तीन फुटी रेल्वेच्या गाड्या केल्या, त्या एकास वीसच्या घरात गेल्या. आणखी काहींनी स्टँडर्ड गेजच्या मोठ्या गाड्या जरा भरदार दिसाव्यात म्हणून एकास एकोणतीसमध्ये केल्या.

म्हणजे रूळ एक आणि प्रमाणं चार. आणि या सगळ्यांना बाजारात एकच नाव पडलं, ‘जी’. खोक्यावर ‘जी’ लिहिलेलं असलं की घेणारा समजतो, गाडी ‘जी’ आणि घरही ‘जी’, जोडी जमली. पण त्या अक्षरावरून रूळ जुळतात, दारं जुळत नाहीत. सात फुटांचं दार एकास साडेबावीसमध्ये साडेनऊ सेंटिमीटरचं होतं आणि एकास बत्तीसमध्ये पावणेसात सेंटिमीटरपेक्षाही कमी. एकाच फलाटावर ही दोन दारं शेजारी लावून पाहा.

लहान गाड्यांतही हेच आहे. १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर युरोपातली ‘एचओ’ गाडी एकास ८७ ची असते आणि ब्रिटनमधली ‘डबल ओ’ एकास ७६ ची. रूळ तोच, घरं वेगळी. पुण्याच्या कोथरूड भागात १९९८ साली सुरू झालेलं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय एकास ८७ या प्रमाणावर आहे. कधी गेलात तर गाड्यांइतकंच तिथल्या घरांकडं, माणसांकडं आणि दिव्याच्या खांबांकडं पाहा. सगळं एका मापात असलं की नजर कशी ठेचकाळत नाही, ते तिथं समजतं.

वऱ्हाडाचं गणित

आता आपल्या घरचा हिशेब करू. पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या. रीत सोपी आहे. खऱ्या रुळांचं अंतर भागिले मॉडेलच्या रुळांचं अंतर. जे उत्तर येईल ते तुमचं प्रमाण. बाजारात काय लिहिलंय ते विसरा.

आपल्याकडं ४५ मिलिमीटरचे रूळ आहेत असं धरू. त्यावर मुंबई–नागपूर मार्गावरची ब्रॉडगेज गाडी करायची असेल तर १६७६ भागिले ४५, म्हणजे एकास ३७. अकोट–खंडव्याची मीटरगेज करायची तर एकास २२. आणि शकुंतला करायची तर ७६२ भागिले ४५, म्हणजे एकास १७. रूळ तेच, पण सात फुटांचं दार पहिल्यात पावणेसहा सेंटिमीटरचं, दुसऱ्यात साडेनऊचं आणि तिसऱ्यात साडेबारा सेंटिमीटरचं.

गंमत पाहा. खरी गाडी जितकी छोटी, तितकं तिच्या शेजारचं मॉडेलमधलं स्टेशन मोठं! पुष्कळांची फसगत इथंच होते. शकुंतला छोटी गाडी म्हणून तिचं स्टेशनही छोटं करायला जातात आणि सगळाच पसारा बिघडतो.

दुसरी फसगत याहून मजेची आहे. एलजीबीच्या रुळांवर, त्यांच्याच एकास साडेबावीस प्रमाणात कुणी शकुंतलेचे डबे आणि स्टेशन बांधलं, तर काय होईल? साडेबावीस गुणिले ४५ करा. उत्तर १०१२ मिलिमीटर. म्हणजे ती शकुंतला राहिलीच नाही, ती मीटरगेजवर चढली! ज्या गेजबदलासाठी लोकांनी वर्षानुवर्षं अर्जविनंत्या केल्या, तो आपल्या परसात नकळत होऊन जातो.

ज्यांना शकुंतला हवी आहे पण एकास १७ चं अवाढव्य स्टेशन नको, त्यांच्यासाठीही वाट आहे. ३२ मिलिमीटरचे रूळ घ्या. ७६२ भागिले ३२ म्हणजे जवळजवळ एकास २४. हे फार सोयीचं प्रमाण आहे, कारण खरा एक फूट म्हणजे मॉडेलमध्ये बरोबर अर्धा इंच. आपल्याकडच्या जुन्या इमारती फूट-इंचातच बांधलेल्या. सुतारालाही हे चटकन समजतं. नऊ इंची भिंत म्हणजे तीन अष्टमांश इंच, सात फुटी दार म्हणजे साडेतीन इंच. गणकयंत्र लागत नाही.

माणूस रुळांवर आडवा ठेवा

ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी एक युक्ती करावी. आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा. आपल्याकडच्या मध्यम उंचीच्या माणसाची उंचीही साधारण साडेपाच फूट. म्हणजे ब्रॉडगेजच्या मॉडेलमध्ये माणसाची बाहुली रुळांच्या मधोमध आडवी ठेवली तर डोकं एका रुळाला आणि पाय दुसऱ्या रुळाला टेकले पाहिजेत. टेकले तर प्रमाण बरोबर. मीटरगेजमध्ये तोच माणूस रुळांच्या अंतराच्या १.७ पट लांब भरला पाहिजे. शकुंतलेत २.२ पट. म्हणजे ४५ मिलिमीटरच्या रुळांवर बाहुली अनुक्रमे साडेचार, साडेसात आणि जवळपास दहा सेंटिमीटरची. हा खेळ मॉडेलच्या रुळांवरच करायचा, खऱ्या नाही, हे पोरांना आधी बजावून ठेवा.

एकदा ही बाहुली नक्की झाली की तिलाच पट्टी समजा. स्टेशनच्या दारात उभी करा, डोक्यावर दीड फूट मोकळा राहतो का? तिकिटाच्या खिडकीची पट्टी छातीशी येते का? पायरी चढताना गुडघा किती उचलावा लागेल? बाकावर बसवली तर पाय जमिनीला टेकतात का? बाजारातलं तयार घर घेतानाही बाहुली खिशात घालून जा. खोक्यावरचं अक्षर काही का असेना, तिच्याशी जुळलं तर घ्या, नाहीतर पैसे वाचवा.

काय कापावं, काय कापू नये

आता कुणी म्हणेल, प्रमाण पाळायचं तर जागा कुठून आणू? शंका रास्त आहे. जुन्या निळ्या डब्यांची, २४ डब्यांची ब्रॉडगेज गाडी सव्वापाचशे मीटरच्या पुढं जाते. एकास ३७ मध्येही ती चौदा मीटर भरते. तेवढा फलाट कुणाच्या परसात मावणार? तेव्हा लांबी कापावीच लागते. चोवीस डब्यांऐवजी चार डबे, पाच कमानींच्या व्हरांड्याऐवजी तीन कमानी, दोन गोदामांऐवजी एक. यात खोटं काही नाही.

पण कमान कापा, कमानीची उंची कापू नका. माणसाचा जिथं जिथं हात किंवा पाय लागतो, ते माप जसंच्या तसं राहू द्या. दार, पायरी, कठडा, बाक, खिडकीची उंची, हातपंपाचा दांडा. तसंच ज्या वस्तूचं माप सगळ्यांना पाठ आहे तीही जपा. जुनी वीट नऊ इंचांची. एकास २२ मध्ये ती जेमतेम एक सेंटिमीटर भरते. मंगलोरी कवेलू सुमारे ४१ सेंटिमीटर लांब. त्याच प्रमाणात ते १८ मिलिमीटरचं झालं पाहिजे. पुष्कळ मॉडेलांत छपराचं कवेलू माणसाच्या छातीएवढं असतं. मग बाकी कितीही चांगलं करा, ते घर बाहुलीचंच वाटतं.

दूर कुंपणाशी ठेवायच्या घराला थोडी सूट देता येते. एकास साडेबावीसच्या गाडीमागं एकास २४ चं घर ठेवलं तर ते जरा लांबचं वाटेल, एवढंच. फरक शेकडा सहा-सात. पण एकास बत्तीसचं घर त्याच गाडीला खेटून ठेवलं तर फरक दीडपटीकडं जातो. तो डोळा माफ करत नाही.

खर्चाचीही एक गोष्ट सांगतो. प्रमाणाचा आकडा उंचीत दिसतो, पण सामान लागतं ते घनफळाला. एकास ३७ आणि एकास १७ यांच्यात उंचीचा फरक २.२ पट. छपराला आणि भिंतीला रंग लागेल त्याच्या जवळपास पाचपट. आणि भरीव सिमेंटचं बांधायचं झालं तर माल दहापटीहून जास्त. गवंड्याला बोलावण्याआधी प्रमाण ठरवा, ते यासाठी.

ऊन, पाऊस आणि काळी माती

बागेतल्या इमारतीला आपल्याकडं आणखी तीन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली उन्हाची. अकोल्या-अमरावतीचा मे महिना पंचेचाळीस अंश पाहतो. थर्माकोल, पातळ प्लास्टिक त्यात वाकतं. पितळी रूळही वाढतात. दहा मीटर लांबीचा रूळ तीस अंशांच्या फरकानं सुमारे सहा मिलिमीटर लांबतो. म्हणून सांध्यात फट ठेवावी आणि फलाटाची कड रुळाला अगदी चिकटवू नये.

दुसरी परीक्षा पावसाची. साध्या प्लायवूडचे पापुद्रे एका पावसाळ्यात सुटतात. सिमेंटचा पत्रा, शहाबादी फरशीचे तुकडे, जुन्या चौकटीचं सागवान टिकतं. तिसरी परीक्षा काळ्या मातीची. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. खाली मुरूम-गिट्टी दाबून फरशी टाकल्याशिवाय स्टेशन सरळ उभं राहत नाही.

पण इथंही प्रमाण सुटू देऊ नका. टिकावी म्हणून भिंत दोन इंच जाड केली तर एकास २२ मध्ये ती पावणेचार फुटांची झाली. मग ते स्टेशन राहत नाही, गाविलगडाचा बुरूज होतो. भिंत बाहेरून मजबूत करायची तर खिडकीच्या कडेला ती पातळ दिसेल अशी आतून घासून घ्यावी.

मापं घेण्याची वेळ

हे सगळं इतक्या बारकाईनं कशासाठी, असं कुणाला वाटेल. खेळच तर आहे! खेळ आहे हे कबूल. पण वऱ्हाडात या खेळाला दुसरी एक बाजू आली आहे.

किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं कापसासाठी उभी केलेली शकुंतला. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेल्या वाफेच्या इंजिनानं तिला सत्तर वर्षं ओढलं. १९९४ मध्ये त्याची जागा डिझेलनं घेतली आणि पुढं गाडीच थांबली. अकोला–पूर्णा मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. अकोला–अकोटची मीटरगेज २०१७ च्या आरंभी बंद झाली आणि २०२२ मध्ये त्या मार्गावर ब्रॉडगेज गाडी आली. मेळघाटात धूळघाटजवळ मीटरगेजचा रूळ स्वतःच्याच वरून वळसा घेऊन चढायचा, तो चढही आता आठवणीतला. ब्रॉडगेज हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. लोकांची सोय झाली. पण गेज बदलला की रुळांबरोबर फलाट बदलतात, केबिन जाते, पाण्याची टाकी जाते, जुनी इमारत एक तर पडते नाहीतर पाडली जाते.

मग उरतं काय? फोटो उरतात. पण फोटोत माप नसतं. पंधरा-वीस वर्षांनी एखाद्या मुलाला शकुंतला कशी होती हे पाहायचं असेल, तर तो बहुधा एखादं मॉडेलच पाहील. शाळेत, संग्रहालयात नाहीतर कुणाच्या बागेत. त्या मॉडेलमध्ये प्रमाण चुकलेलं असेल, तर तो चुकीची शकुंतला पाहून मोठा होईल. डबा रुळांच्या अंतराच्या अडीचपटीहून जास्त रुंद, बाजूला जवळजवळ जमिनीला टेकलेला फलाट आणि त्यामागं पूर्ण उंचीच्या माणसांसाठी बांधलेलं चांगलं दणकट स्टेशन, हेच तर तिचं रूप होतं. गाडी छोटी होती, स्टेशन छोटं नव्हतं. तिच्याकडून काम घेणारी माणसंही छोटी नव्हती. गेज आणि प्रमाण यांची गल्लत झाली की नेमकं हेच पुसलं जातं.

म्हणून माझी विनंती अशी. ज्यांच्या गावात या जुन्या मार्गांवरची इमारत अजून उभी आहे, त्यांनी रीतसर परवानगी घेऊन तिची मापं लिहून ठेवावीत. फार काही लागत नाही. एक टेप, एक वही. दाराची रुंदी आणि उंची, खिडकीची उंची, पायऱ्या किती आणि कितीच्या, व्हरांड्याच्या दोन खांबांतलं अंतर, फलाटाच्या कडेपासून भिंत किती दूर. वर हात पोचत नसेल तर एक वीट मोजा आणि थर मोजत जा; उंची मिळेल. फोटो काढताना भिंतीला एक काठी टेकवा, तिच्यावर फुटाफुटाला पांढरा पट्टा रंगवलेला असू द्या. मग तो फोटो नुसती आठवण राहत नाही, त्याचा नकाशा होतो. इंजिन-डब्यांची मापं पाहायची तर नागपूरला मोतीबागेत २००२ मध्ये सुरू झालेलं नॅरोगेज संग्रहालय आहे. तिथं अडीच फुटी रूळ आणि त्यावरच्या गाड्या शांतपणे पाहता येतात.

शाळांनी हे काम घ्यावं, असं फार वाटतं. सातवी-आठवीच्या मुलांना गुणोत्तर-प्रमाण शिकवायचं असतंच. पुस्तकातली टाकी आणि नळ थोडे बाजूला ठेवून मुलांना एखाद्या जुन्या स्टेशनावर न्या. निम्म्यांनी रुळांतलं अंतर काढावं, निम्म्यांनी दाराची उंची. वर्गात परतल्यावर दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी लिहा आणि विचारा, यांतला कोणता आकडा गाडीबरोबर बदलला असता आणि कोणता नसता? उत्तर मुलंच देतील.

आणि मॉडेल पूर्ण झालं की त्याच्या पायाशी एक छोटी पाटी लावा. तिच्यावर तीनच गोष्टी लिहा. खरा गेज किती, मॉडेलचा रूळ किती, आणि इमारतीचं प्रमाण किती. पाहणाऱ्याला हे तीन आकडे मिळाले की पुढचं सगळं तो स्वतः मोजून घेईल.